उचकीवाला

भंडारा जिल्ह्यात मोहाडीपासून सिहोऱ्यापर्यंत लोक मला ज्या नावानं ओळखतात, ते माझ्या आईबापांनी ठेवलेलं नाही. 'उचकीवाला' हे नाव लोकांनी ठेवलं. बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचा, "काय उचकीवाले, कोनत्या गावची मंडई आज?" मी चिडायचो. चिडलो की लोकांना आणखी मजा यायची. या एका गाण्यानं मला नाव दिलं, चार पैसे दिले, आणि माझी बायकोही त्याच गाण्यानं गेली, असं मी म्हणतो तेव्हा लोक समजावतात, बाबा, ती किडनीनं गेली. ते मलाही ठाऊक आहे, डॉक्टरनं मलाच सांगितलं होतं. तरी मी म्हणायचं ते म्हणतो, आणि का म्हणतो ते इथं लिहून ठेवतो आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, तलावातले ओले शिंगाडे टोपल्यांनी विकायला येतात, आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात खडी गंमत उभी राहते. खडी गंमत म्हणजे ढोलकी, तुणतुणं, चार गाणारे, एक लुगडं नेसलेला नाच्या आणि तासनतास चाललेली गाणी आणि थट्टा. सत्तर सालानंतर कधीतरी मी अशा एका पार्टीत शिरलो. घरी धानाच्या चार बांध्या म्हणजे चार खाचरं होती, खायची ददात नव्हती. मला गायचं होतं, एवढंच. आवाज बरा होता. माझा मलाच जरा जास्त बरा वाटायचा.

मी विरहाची गाणी म्हणायचो. स्वतः रचलेली. मी उभा राहिलो की लोक चहाला उठायचे.

एका वर्षी सिहोऱ्याच्या मंडईत गाण्याआधी मी मिरचीची भजी खाल्ली आणि ऐन विरहात मला उचकी लागली. खरीखुरी. एक कडवं म्हटलं की उचकी, ओळ तोडली की उचकी. लोक हसायला लागले. समोरून एकानं विचारलं, "कोन आठवन काढून राहिलं गा?" मला राग आला होता. मी रागानंच म्हटलं, "तुमच्या गावची पाटलीनबाई." मैदान असं हसलं की ढोलकीवाल्याचा हात थांबला. पार्टीचा म्होरक्या जुना माणूस होता. त्यानं त्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरा, रडनं सोड. हेच धर." मी धरलं. पंधरा दिवसांत गाणं तयार झालं.

उचकीचं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. मग घरातलं माणूस एकेक नाव घेत जातं, आणि ज्या नावाला उचकी थांबते त्यानं आठवण काढली असं समजायचं. माझं गाणं एवढ्यावरच होतं. 'लागली उचकी, सांगू कोनाले, कोनं आठवलं या पाव्हन्याले' असं म्हणून मी एक उचकी द्यायचो, लोकांनी ओरडून विचारायचं, कोन आठवन काढून राहिलं गा, आणि मी त्या गावातलं एक नाव घ्यायचो. चार नावांना उचकी थांबायची नाही, पाचव्याला थांबायची, आणि ते पाचवं नाव असं असायचं की लोक एकमेकांच्या अंगावर पडायचे.

त्यासाठी मी मंडईच्या दिवशी सकाळीच गावात जायचो. न्हाव्याकडे बसायचो, पानठेल्यावर बसायचो. कुणाचा जावई महिनाभर मुक्काम ठोकून आहे, कुणाचा बैल पटाच्या शर्यतीत शेवटी आला, कोण चहा पाजतो म्हणतो आणि पाजत नाही. लोक आपण होऊन सांगायला यायचे. "आमच्या साळ्याले घ्या नं जी यंदा." ज्याचं नाव घेतलं नाही तो रुसायचा. त्या थट्टेचा राग कुणी मानत नसे, कारण ती ज्याची त्यानंच किंवा त्याच्या घरच्यांनीच दिलेली असे. न विचारता नाव घ्यायचं नाही, हा माझा नियम होता. तो मी एकदाच मोडला.

उचकी ढोलकीच्या थापेवर पडावी लागते. त्यासाठी वारा गिळायचा, पोट आत ओढायचं आणि नेमक्या वेळी सोडायचं. मी बांधीत चिखल करतानाही सराव करायचो. बायको धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ऐकायची. "हे खोटी वाटते जी," म्हणायची. मग मी पुन्हा करायचो. सगळ्या मुलखात ऐकून खरं सांगणारी ती एकटीच. आणि तिला माझी विरहाची गाणी आवडायची. धान चुरायच्या दिवसांत खळ्यावर काम करता करता म्हणायची, "ते म्हना नं, पहिलेचं." मी म्हणायचो. बैल फिरत राहायचे, ती खाली मान घालून तणस सारत राहायची, आणि माझं ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं जायचं.

लोकांना ते नकोच होतं. दुसरं काही सुरू केलं की मागून "उचकी, उचकी" सुरू व्हायचं. मी एकदा हट्टानं विरहाचं गाणं पूर्ण केलं, तर लोक मध्ये मध्ये स्वतःच उचक्या द्यायला लागले. ऐंशी सालानंतर गावोगाव कॅसेटी आल्या. नागपूरचा एक कॅसेटवाला मला शोधत आला. मी त्याच्याकडे माझी सहा गाणी घेऊन गेलो. त्यानं दोन ऐकली, जांभई दिली आणि म्हणाला, "वो हिचकीवाला." ते निघालं. मग चहाटपरीवर, स्टँडवर, लग्नाच्या भोंग्यावर सगळीकडे माझी उचकी वाजायला लागली. मला घराबाहेर पडणं नको वाटे. आपण मेलो तरी लोक तिरडीपाशी उभे राहून विचारतील, कोन आठवन काढून राहिलं गा, असं मला खरंच वाटायचं.

आता बायकोच्या भावाबद्दल. तो अड्याळला शाळेत गुरुजी होता. आईबाप लवकर गेले, त्यानं बहिणीला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कमी बोलणारा माणूस. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मला 'जवाई' म्हणून मान द्यायचा. एका वर्षी मोहाडीच्या मंडईला तो दुसऱ्या गुरुजींबरोबर आला आणि पुढंच बसला. त्या दिवशी मैदान थंड होतं. चार नावं फुकट गेली. पाचवं म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "या गुरुजीले उचकी कधी लागतच नाई. काहून, त घरी आठवन काढाले कोनीच नाई."

मैदान हसलं. त्या वर्षीचं सगळ्यात मोठं हसू. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला, गाणं संपेपर्यंत. मध्येच उठून गेला असता तर आणखी हसले असते, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात आला. पाणी घेतलं नाही. बहिणीला म्हणाला, "बाई, तुले काही लागलं त चिठ्ठी लिही. मी या घरी येनार नाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण माझी लाज नेहमी रागाचंच तोंड घेऊन बाहेर येते. मी म्हटलं, "नोका येऊ. आन हे तुमची बहीन बी तुमच्याकडं येनार नाई. या घरात आजपासून तुमचं नाव निघनार नाई." तो गेला. चार वर्षं बायकोनं ते पाळलं. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. ती अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. मी ओसरीत बसून बघायचो आणि तोंड उघडायचो नाही. एक शब्द बोललो असतो तर ती सकाळच्या बसनं गेली असती.

चौथ्या वर्षीच्या हिवाळ्यात तिचं तोंड सुजायला लागलं. पाय सुजले. माझी आई म्हणाली, थंडी बसली. धान कापणं, बांधणं, चुरणं, सगळं तिनं सुजल्या पायांनी केलं, आणि मी मंडया करत फिरत होतो. एका शनिवारी घरी आलो तर ती चुलीपाशी बसली होती आणि तिला उचकी लागली होती.

मला आधी वाटलं, थट्टा करते आहे. मी हसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पाणी पाजलं, साखर दिली, पाठीवर थापट्या मारल्या. रविवारी मोहाडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, उद्यापर्यंत थांबली नाही तर भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या, अंगावरची सूज चांगली नाही. सोमवारी उचकी तशीच. खाल्लेलं पोटात राहीना. गावातल्या राइसमिलवाल्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, जीप बाहेरगावी आहे, उद्या दुपारी तीनला दारात पाठवतो. एवढं ठरलं.

त्याच सोमवारी गल्लीत एक लग्न होतं. दुपारी भोंग्यावर माझी कॅसेट लागली. आत ती उचकी देत होती, बाहेरून मी देत होतो. तिनं कानावर हात ठेवले. मी धावत मांडवात गेलो. मला बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी माइकमध्येच म्हटलं, "गानं बंद करा. माझी बायको बिमार हाये. तिची उचकी थांबून नाई राहिली." मांडव हसला. त्यांना ती गाण्याआधीची बतावणी वाटली. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. एक म्हातारा मागून ओरडला, "कोन आठवन काढून राहिलं गा?" मी रडायला लागलो तेव्हा तर हसून काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी भोंग्याची वायर उपटली. नवरीच्या बापानं मला धक्के मारून बाहेर काढलं, आणि मांडवातल्या लोकांना तेसुद्धा आवडलं.

घरी आईनं नावं घ्यायला सुरुवात केली होती. शनिवारपासूनच ती घेत होती. सगळं गणगोत झालं, शेजारीपाजारी झाले, मेलेल्यांचीही झाली. आमचं एक लेकरू तीन महिन्यांचं असताना गेलं होतं, त्याचंही नाव आईनं घेतलं. बायको भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायची, पुन्हा उचकी यायची. मग ती माझ्याकडे बघायची. मागायची काहीच नाही, नुसती बघायची.

आई म्हणाली, "एक नाव राह्यलं गा."

"कोनतं?"

"तुले ठाऊक हाये."

मी उठून गोठ्यात गेलो. बैलांपुढे तणस होती तरी आणखी टाकली. माझा या नावं घेण्यावर विश्वास होता की नाही, सांगता येत नाही. पंधरा वर्षं मी त्याच समजुतीची थट्टा करून जगलो होतो. पण ते नाव घेतलं तर मी हरणार होतो, आणि बायकोच्या उशाशी बसूनही माझ्या डोक्यात हरणं-जिंकणं होतं. असा मी माणूस.

मंगळवारी दुपारी ती पार थकली. उचकीनं तिचं सगळं अंग उचललं जायचं. आवाज उरला नव्हता. ती मला म्हणाली, "तुमी घ्या नं जी. एक डाव." मी तिच्या जवळ बसलो आणि तिच्या भावाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गुरुजी लावून. आम्ही वाट बघितली. उचकी आली नाही. आई हात जोडून बसली. आणखी थोडा वेळ गेला. ती माझ्याकडे बघून हसली. चार वर्षांत अशी हसली नव्हती.

"थांबली जी," ती म्हणाली, आणि आडवी होऊन झोपली.

तीन वाजता जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं, थांबली. आता कायले न्यायचं, झोपली आहे, चार दिवसांनी डोळा लागलाय. तो म्हणाला, "उचकीवाल्याच्या घरची उचकी, थांबनारच," आणि मीही त्याच्याबरोबर हसलो. जीप परत गेली. आईनं देवापुढे दिवा लावला. मी अड्याळला चिठ्ठी लिहायला बसलो आणि मायना काय लिहावा तेच सुचेना. उद्या लिहू म्हणून ठेवून दिली.

बुधवारी ती झोपूनच होती. हलवलं की हूं म्हणायची. आम्ही म्हटलं, थकलेली आहे, झोपू दे. गुरुवारी सकाळी हूं म्हणेना. मग मात्र मी गावभर धावलो, जीप मिळवली, तिला उचलून टाकलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं डोळे बघितले, पाय दाबून बघितले, कधीपासून काय काय ते विचारलं. उचकी कशी थांबली ते मी सांगितलं. नाव घेतल्याचं सांगितलं. तो हसला नाही. त्या आठवड्यात न हसलेला तो पहिला माणूस. म्हणाला, "उचकी थांबली नाही, बाई थकली. किडन्या काम करत नाहीत, विष अंगात भिनलंय, म्हणून ती झोप. मंगळवारी आणली असती तर आम्हाला काही करता आलं असतं. वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण काहीतरी करता आलं असतं." शुक्रवारी दुपारी ती गेली.

गुरुजी आला. कुणीतरी त्याला तार केली होती. त्यानं बहिणीच्या पायांना हात लावला, सरणाला लाकूड दिलं आणि माझ्याकडे न बघता परत गेला.

मी गाणं सोडलं असं तुम्हाला वाटेल. सोडलं नाही. दुसरं काय येत होतं मला? पुढच्या दिवाळीत पार्टी निघाली तेव्हा मीही निघालो. चार वर्षं अड्याळची मंडई आली की मी काहीतरी कारण काढून घरी राहायचो. त्या वर्षी राहिलो नाही. सकाळी गावात गेलो, पानठेल्यावर बसलो. लोकांनी नावं दिली. मी ती ऐकली आणि एकही लक्षात ठेवलं नाही.

दुपारी गाणं सुरू झालं. मी उचकी दिली. थापेवर पडली, चांगली पडली. लोकांनी विचारलं, कोन आठवन काढून राहिलं गा. माझ्या तोंडून नाव निघेना. ढोलकी फिरून आली, त्यांनी पुन्हा विचारलं. मी उभाच. शेवटी नाच्यानं माझ्यापुढे येऊन काहीतरी नाव घेतलं आणि वेळ मारून नेली. तेव्हा मला गुरुजी दिसला. शिंगाडेवाल्यांच्या टोपल्यांमागे, उन्हात, छत्री न उघडता उभा होता.

गाणं संपल्याबरोबर मी त्याच्याकडे गेलो. वर्षभर मला एकच गोष्ट खात होती. त्या मंगळवारी त्यानं खरंच आठवण काढली असेल, तर ते नाव मी तीन दिवस गिळून बसलो होतो. काढली नसेल, तर मी माझ्याच थट्टेच्या गाण्यावर विश्वास ठेवून दारातली जीप परत पाठवली होती. दोन्हीकडून मीच गुन्हेगार, पण कोणता गुन्हा माझा, एवढं तरी मला कळायला हवं होतं. नाहीतर वेड लागेल असं वाटायला लागलं होतं.

मी म्हटलं, "गुरुजी, एक इचारतो. ते गेली त्याच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी, दोनच्या सुमारास, तुमी तिची आठवन काढली होती काय?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हातारा झाला होता.

"मंगळवारचं कायले इचारून राहिले जवाई," तो म्हणाला. "तुमच्या अंगनातून निघालो त्या दिवसापासून मी रोजच काढत होतो. एक दिवस सुटला नाई."

मागून पार्टीवाले हाका मारत होते. लोकांना ते गाणं पुन्हा हवं होतं.